सिकलसेलची तपासणी झाली, आता उपचाराचाही हिशोब मांडा

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

मी पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. नोकरीची बरीच वर्षं सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, सोल्युबिलिटी (प्राथमिक) चाचण्या करण्यात गेली. परीक्षानळीत द्रावण घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण माणूस नुसता वाहक आहे (म्हणजे दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो, पण त्याला स्वतःला सहसा त्रास नसतो) की खरोखर ग्रस्त, हे त्या नळीत कधीच कळत नसे. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या मोठ्या प्रयोगशाळेतल्या खात्रीच्या चाचण्यांना पाठवावा लागे. रिपोर्ट येईस्तोवर माणूस तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असायचा. गावात मात्र ‘हिला सिकलसेल आहे’ एवढं पोचलेलं असायचं. पोरगी नुसती वाहक निघाली तरी तोवर तिचं ठरलेलं लग्न मोडलेलं असे.

म्हणून १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार संपवायचा, असं ते उद्दिष्ट. बोटाच्या थेंबावर तिथल्या तिथे वाहक आणि ग्रस्त वेगळे सांगणारी किटं आता गावात पोचली आहेत. या किटांचा अभ्यास आपल्याच आरोग्य संशोधन विभागाच्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणेने हाती घेतला होता. २०१७पासून ही यंत्रणा काम करते आहे आणि मुंबईची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था तिच्या केंद्रांपैकी एक आहे. चाचणी, औषध, लस किंवा उपकरण सरकारी पैशातून घेण्याआधी त्याचा गुण किती, खर्च किती आणि तेवढ्याच पैशात दुसरं काय करता आलं असतं, हे ती तपासते. ७ कोटी चाचण्यांमध्ये एका चाचणीमागे १ रुपया वाचला तरी ७ कोटी वाचतात. असा हिशोब आधी मांडणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळावं.

माझं मागणं इथूनच सुरू होतं. ज्या काटेकोरपणे किट पारखलं, त्याच काटेकोरपणे रिपोर्टनंतरचा सगळा उपचार पारखा.

सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचंच बघा. या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते. पण सर्रास मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. दहा-बारा किलोच्या लेकराला वजनाप्रमाणे शंभर ते अडीचशे मिलिग्रॅम लागतं. मग आई कॅप्सूल उघडते, भुकटी पाण्यात ढवळते आणि अंदाजाने पाजते. आता लहान मुलांसाठी पातळ औषध देशात तयार होतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायला काय लागेल आणि त्यातून किती झटके टळतील? या औषधावर पांढऱ्या पेशी घटतात का, हे पाहायला ठरावीक काळाने सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) करावी लागते. ती गावाजवळ होणार नसेल तर डॉक्टर औषध द्यायला कचरतात. औषध आणि तपासणी यांचा खर्च वेगवेगळा मांडला तर दोन्ही अर्धवट राहतात, हे मी माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

वेदना मोजायची कशी, हाही प्रश्न आहे. उपचाराचा गुण आणि खर्च ताडून पाहणाऱ्या अभ्यासांत रुग्णाच्या आयुष्याची प्रत मोजायला चालणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं आणि चिंता या पाच गोष्टी विचारतात, आणि त्या ‘आज’च्या विचारतात. सिकलसेलचं पोरगं दवाखान्याच्या तारखेला हसत-खेळत येतं. तेच पोरगं रोवणीच्या दिवसांत पावसात भिजलं की रात्रभर हाडं धरून ओरडतं. त्या रात्री प्रश्नावली घेऊन तिथे कोणी नसतं. चांगल्या दिवशी विचारून आजार हलका ठरवला गेला, तर उपचाराचा फायदा कमी भासून तो महाग दिसणारच. प्रश्न कधी विचारायचा, हे संशोधकांना रुग्णांच्या घरच्यांशी बोलून ठरवू द्या. एसटीचं भाडं, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेली रात्र हेही खर्चात धरा. सरकारच्या वहीत हे आकडे नसले तरी कुटुंबाला ते भरावेच लागतात.

शेवटची विनंती थेट आपल्या अधिकारातली आहे. या मूल्यमापन यंत्रणेच्या शिफारशी आज सल्ल्यापुरत्या आहेत. इंग्लंडमध्ये असंच मूल्यमापन करणाऱ्या नाइस या संस्थेने औषधाची शिफारस केली, की तिथल्या आरोग्यसेवेला साधारण ३ महिन्यांत त्यासाठी पैसे उभे करावेच लागतात. आपल्याकडे निदान एवढं व्हावं: शिफारस आली की ठरलेल्या मुदतीत मंत्रालयाने ती मान्य की अमान्य, हे कारणासह लेखी जाहीर करावं. पैसा नसेल तर तसं लिहावं. अहवालाचा सोपा गोषवारा मराठीत, हिंदीत, गोंडीतही निघावा, म्हणजे आशाताईला तो ग्रामसभेत वाचता येईल.

लहान मुलांचं हायड्रॉक्सियुरिया आणि गावाजवळची सीबीसी, हा एकच प्रश्न एकत्र करून येत्या पावसाळ्याआधी यंत्रणेकडे सोपवा. त्याचं उत्तर काय आलं आणि आपण त्यावर काय ठरवलं, ते आम्हाला कळवा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
गडचिरोली जिल्हा