मुलगा मिशनवर असताना आमचं घर चालतं ठेवणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इथे अमेरिकेतल्या युटामध्ये मुलगा मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराला निघाला की वॉर्डातला (आमच्या स्थानिक चर्चमंडळीतला) जो भेटेल तो म्हणतो, ‘बघता बघता दोन वर्षं जातील.’ तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘त्याच्या बँकेचा ओटीपी कुठल्या नंबरवर येतो?’ धीर देणारे खूप असतात. कोणतं काम कधी करायचं आणि ते कुठे अडकतं, हे सांगणारं माणूस विरळा. तुमची तिन्ही मुलं मिशन करून आलेली, त्यामुळे तुमच्याकडे उत्तरं तयार होती. ती आणखी चार मराठी घरांना उपयोगी पडावीत म्हणून हे आभाराचं पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

ज्यांना या चर्चची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे सभासद. (२०१८ पासून चर्चचा आग्रह पूर्ण नावाचाच आहे, पण गावाकडे अजून ‘मॉर्मन’ म्हटल्याशिवाय काही कळत नाही.) मुलगे मिशनवर २४ महिन्यांसाठी जातात, तेव्हा त्यांना ‘एल्डर’ म्हणतात. २०१२ पर्यंत वयाची अट १९ वर्षांची होती, आता शाळा संपलेला १८ वर्षांचा मुलगा जाऊ शकतो. कुठे जायचं हे चर्च ठरवतं, आमच्या मुलाला फिलिपिन्समधलं सेबू मिळालं. पगार किती, असं नाशिकहून हमखास विचारतात. पगार नाही, उलट खर्च घरून द्यायचा.

कागदपत्रांच्या आधी दात, हा तुमचा क्रम. अर्जात डॉक्टर आणि दंतवैद्य या दोघांचे फॉर्म असतात. अक्कलदाढा काढायच्या निघाल्या तर जखम भरायला वेळ लागतो, म्हणून तो विषय अर्जाबरोबरच संपवायचा. मग चष्म्याच्या दोन जोड्या आणि नंबरच्या कागदाचा फोटो. मग मुखत्यारपत्र. मुलगा १८ चा झाला की बँक, विद्यापीठ, विमा कंपनी यांच्यापैकी कोणी आई-वडिलांशी त्याच्या खात्याबद्दल बोलत नाही. नोटरीसमोर सही त्यालाच करावी लागते, तेव्हा तो इथे असतानाच हे व्हायला हवं. त्यातही आधी बँकेत आणि मग नोटरीकडे जायचं, कारण काही बँकांना बाहेरून केलेलं मुखत्यारपत्र चालत नाही, त्यांचा स्वतःचा फॉर्म लागतो. विद्यापीठातला प्रवेश आणि शिष्यवृत्ती पुढे ढकलण्याचे अर्ज बऱ्याच ठिकाणी वेगवेगळे असतात. एक मंजूर झाला म्हणजे दुसरा झाला, असं धरून चालायचं नाही.

आता तो ओटीपी. इथलं सिम ड्रॉवरमध्ये पडून राहिलं आणि प्लॅन भरला नाही की कंपनी नंबर बंद करते. बँकेचा, फोटो ठेवलेल्या खात्याचा, विद्यापीठाचा कोड मात्र त्याच नंबरवर जात असतो. म्हणून नंबर स्वस्तातल्या प्रीपेड प्लॅनवर टाकून घरातल्या जुन्या फोनमध्ये जिवंत ठेवायचा, नाहीतर निघण्यापूर्वी एकेका खात्यावर घरचा नंबर द्यायचा. डेबिट कार्डाची मुदतही तेव्हाच बघायची. ती मध्येच संपली तर नवं कार्ड येणार घरच्या पत्त्यावर आणि मुलगा असणार सेबूत. आरोग्य विम्यातून त्याचं नाव काढायचं नाही, २६ वर्षांपर्यंत तो आई-वडिलांच्या विम्यात राहू शकतो. गाडीच्या विमा कंपनीला मात्र कळवायचं, घरात नसलेल्या अठरा वर्षांच्या ड्रायव्हरचा हप्ता कशाला भरा?

पैशांबाबत तुम्ही एकच वाक्य बोललात, ‘त्याच्या खात्यात नाही, वॉर्डाच्या मिशनरी फंडात.’ अमेरिकेतून जाणाऱ्या मुलामागे महिना ५०० डॉलर द्यायचे, मग तो टोकियोला असो की तेगुसिगाल्पाला. जुलै २०२० च्या आधी हाच आकडा ४०० होता. २४ महिन्यांचे होतात १२,००० डॉलर. वॉर्डातून देण्यामागे कायदाही आहे. १९९० साली डेव्हिस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की आई-वडिलांनी मिशनरी मुलाच्या खात्यात थेट भरलेले पैसे करासाठी धर्मादाय देणगी ठरत नाहीत, पैसा चर्चच्या ताब्यात जायला हवा. अर्थात करात पूर्ण सूट मिळते ती करविवरणात देणग्या, व्याज वगैरे तपशीलवार दाखवणाऱ्यांना. ठोक वजावट घेणाऱ्या घराला २०२६ पासून ठरावीक मर्यादेपर्यंत थोडीच सूट मिळते. फंडात दिलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून उत्साहानं वर्षाचे एकदम न भरता महिन्याचे महिन्याला द्यायचे. जेवण आणि खोलीभाडं यातून निघतं. बूट, कपडे, डोक्यात आलेली खरेदी त्याच्या स्वतःच्या कार्डावर. आजीनं दिलेले पैसे परत आल्यावरच्या शिक्षणासाठी बाजूला.

फोनबद्दल तुम्ही जेवढं समजावलंत तेवढं दुसऱ्या कुणी समजावलं नाही. फेब्रुवारी २०१९ पर्यंत मिशनरी घरी फोन करायचे तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. आता आठवड्याच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे पी-डेला, करता येतो. बहुतेक ठिकाणी हा दिवस सोमवार. सेबूत सोमवारी सकाळी ९ वाजता नाशिकला सकाळचे ६.३० आणि युटात रविवार संध्याकाळचे ६. मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे गेली की युटात ७ होतात, नोव्हेंबरमध्ये परत ६. सेबू आणि नाशिक जागचे हलत नाहीत, त्यामुळे आजीला वेळ बदलून सांगायची नसते, घोळ होतो तो फक्त आपल्याकडे. फोन त्यानं करायचा, आपण वाट बघायची. नाही आला तर बहुधा वीज गेलेली असते किंवा कपडे धुण्यात सकाळ संपलेली असते. तिकडचा दिवस अजून उरलेला असतो.

‘कसा आहेस?’ला ‘बरा आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही, हेही तुमचंच. त्याऐवजी या आठवड्यात स्वयंपाक कोणी केला, कुठे भिजलात, नवा जोडीदार (सोबत राहणारा दुसरा मिशनरी) सकाळी उठतो का, असं विचारायचं. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. बदलीनंतरच्या पहिल्या फोनवर मुलगा गप्प असतो. नवं गाव, नवा जोडीदार, कधी कधी न कळणारी बोली. त्या दिवशी त्याला बोलतं करायचा आटापिटा न करता घरातलं साधंसुधं सांगत राहायचं. घरातली भांडणं, कर्ज, बहिणीच्या लग्नाचं अडलेलं घोडं यातलं काहीच त्या फोनवर नको. तिथून त्याला काही करता येत नाही, आणि फोन ठेवल्यावर आठवडाभर विचार मात्र तोच करतो. दिवाळी पी-डेला आली नाही तरी बिघडत नाही, मोठ्या सणाला वेगळा फोन करायची मुभा आहे. त्यानं ती आपल्या मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे तिथल्या मिशनरींच्या प्रमुखांना, आधी विचारून ठेवावी.

नाशिकला काही बरंवाईट झालं तर बातमी आधी मिशन प्रेसिडेंटना द्यायची. ते किंवा त्यांची पत्नी मुलाला गाठतात आणि त्याचा घरी फोन लावून देतात. घरात मृत्यू झाला तरी मिशनरी सहसा परत येत नाहीत, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायला हवं. नाहीतर दहाव्यापर्यंत सगळे विचारत बसतात. आणि त्याचा मिशनचा नंबर भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ त्याला एखाद्या चुलतभावाकडून आधी कळता कामा नये.

पार्सल म्हणजे तुमचं खास खातं. टपालाचा मोठा फ्लॅट रेट खोका परदेशी २० पौंडांपर्यंत चालतो, म्हणजे साधारण ९ किलो. चकल्या प्रिंगल्सच्या रिकाम्या डब्यात, तळाशी आणि वर टिश्यूची गुंडाळी. डबा हलवून बघायचा, खुळखुळ आवाज आला तर आणखी टिश्यू. चिवड्यात सुक्या खोबऱ्याचे काप घालायचे नाहीत, खवट वास सर्वांत आधी त्यांना येतो. बेसनाचे लाडू दमट हवेत फार टिकत नाहीत. मेतकुटाला तोड नाही. हलकं, कोरडं, आणि भात तिकडे तिन्ही त्रिकाळ मिळतो. प्रत्येक पुडी दोन झिपच्या पिशव्यांत, कारण मुंग्या. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ लिहिलं की खोका अडकतो. वस्तू, नग, वजन, किंमत असं ओळीनं लिहायचं. फिलिपिन्समध्ये १०,००० पेसोंपर्यंतच्या मालावर आयातकर लागत नाही, त्या मर्यादेत राहायचं. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या टाकायच्या नाहीत. पत्ता मिशन ऑफिसचा, खोलीचा नव्हे. खोका पोचेपर्यंत त्याची बदली झालेली असू शकते. बूट-कपड्यांसाठी फिलिपिनो लोक परदेशातून घरी पाठवतात तो बालिकबायन खोका स्वस्त पडतो. पण तो समुद्रानं जातो, दीड-दोन महिने लागतात, म्हणून खाऊ त्यात नको.

वादळाची बातमी आली की आया रात्रभर टीव्हीसमोर बसतात. तुमचा नियम असा की आधी मिशन ऑफिसचा निरोप, मग बातम्या. मन:स्थितीबद्दलही तुम्ही मोघम बोलला नाहीत. मिशनरींना ताण ओळखण्यासाठी चर्चची एक पुस्तिका मिळते, त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा पायऱ्या आहेत. तो जरा उदास वाटला तर ‘कुठला रंग?’ एवढंच विचारायचं. लाजाळू मुलगाही याचं उत्तर देतो. नारिंगी म्हणाला तर त्यानं त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटशी बोलायचं. आणि कोणाचा मुलगा तब्येतीमुळे लवकर परतला तर चर्चच्या व्हरांड्यात ‘का आला?’ असं कोणी विचारायचं नाही. ही गोष्ट तुम्ही वॉर्डात मोठ्यानं सांगितलीत, त्याचे आभार वेगळे.

त्याच्या खोलीचं संग्रहालय करू नका, असंही म्हणालात. धाकटीला खोली दिली, हे त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलेलं बरं.

आता परतीचं. शेवटच्या काही महिन्यांत मुलं ‘ट्रंकी’ होतात, मनानं आधीच बॅग भरतात. त्याला खतपाणी घरूनच मिळतं. नोकरी, गाडी, मुली हे विषय तेव्हा फोनवर काढायचे नाहीत. एकच अपवाद, कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फाफ्सा अर्ज. त्याचं लॉगिन मुखत्यारपत्रावर चालत नाही, त्यालाच एखाद्या पी-डेला बसून भरावा लागतो. परतीची तारीख बदल्यांच्या चक्राला धरून असते आणि पुढेमागे सरकते, म्हणून विमानाचा तपशील हातात पडेपर्यंत मुंबईची तिकिटं काढायची नाहीत. विमानतळावर उतरला तरी स्टेक प्रेसिडेंट (अनेक वॉर्डांचे मिळून प्रमुख) मोकळं करेपर्यंत तो मिशनरीच असतो, छातीवरची नावाची पाटी तेव्हाच निघते. त्याचं ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) काढून बघायचं. जातो अठराचा, येतो वीसचा, आणि वीस वर्षं पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट काढला की ओसीआय एकदा नव्यानं करून घ्यावं लागतं. हे इथल्या बिशपना, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखांना, ठाऊक असायचं कारण नाही. तुम्हाला होतं.

नाशिकहून मेतकूट आलं आहे, त्यातलं अर्धा किलो तुमच्यासाठी काढून ठेवलंय. रविवारी चर्चमधल्या सॅक्रमेंट मीटिंगनंतर (साप्ताहिक उपासनेनंतर) घेऊन येतो. येताना खोक्यांवर चिकटवायची ती रुंद टेप कुठल्या दुकानात मिळते, तेही विचारायचं आहे.

काकांना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपले,
सेबूतल्या एल्डरचे आई-बाबा