‘स्पाइस अँड वुल्फ’ला कार्टून म्हणून झटकू नये

मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी ॲनिमे, म्हणजे तिथल्या ॲनिमेशन मालिका, आणि ज्यांवरून ते तयार होतात त्या ‘लाइट नॉव्हेल’ प्रकारातील छोटेखानी सचित्र कादंबऱ्या यांवर आलेला लेख वाचला. मारामारी, जादूटोणा आणि मोठ्या डोळ्यांच्या मुली यांपलीकडे या साहित्यात काही नसते, असा त्याचा एकंदर सूर आहे. पुष्कळ मालिकांबाबत तो खराही आहे. परंतु इसुना हासेकुरा यांची ‘स्पाइस अँड वुल्फ’ ही मालिकाही लेखकांनी त्याच माळेत ओवली, याचे निवृत्तीपर्यंत वाणिज्य विषय शिकवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला आश्चर्य वाटले.

या मालिकेचा पहिला खंड फेब्रुवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मूळ कथा १७ खंडांत २०११ साली पुरी झाली. पुढे तिला जोडभागही आले. २००८ आणि २००९ मध्ये तिच्यावर ॲनिमे निघाले आणि २०२४ मध्ये ती गोष्ट नव्याने, आरंभापासून सांगण्यात आली. मध्ययुगीन युरोपासारख्या एका कल्पित प्रदेशात गाडी हाकत गावोगाव फिरणारा लॉरेन्स हा पंचवीस वर्षांचा व्यापारी आणि त्याच्या गाडीतील गव्हात लपून निघालेली होलो ही लांडग्याच्या रूपातील पीकदेवता, हे तिचे दोन नायक. अद्भुताचा भाग जवळजवळ एवढाच. बाकी सगळी गोष्ट भाव, उधारी, जकात, वजनकाटा आणि शब्दाची पत यांवर चालते.

पहिल्याच खंडाचे कथानक पाहावे. एका चांदीच्या नाण्यातील चांदी वाढणार आहे, अशी खबर लॉरेन्सला एक तरुण व्यापारी देतो. होलो नाणी वाजवून पाहते आणि केवळ नादावरून नव्या नाण्याचा कस उतरल्याचे ओळखते. राजाला जुनी नाणी वितळवून त्याच चांदीत अधिक नाणी पाडायची असतात. त्यामुळे जुन्या नाण्यांचा मोठा साठा ज्याच्या हाती, त्याला राजाकडून विशेष हक्क पदरात पाडून घेता येतात, आणि खोट्या खबरीमागील डाव तिथे उलगडतो. आपल्याकडे १९४० पर्यंत रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती, त्या वर्षी ती निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. जळगावच्या सराफ बाजारात राणीछाप रुपयाला वेगळा भाव का, हे विद्यार्थ्यांना समजावताना मला जी कसरत करावी लागे, ती या एका प्रकरणाने पुष्कळ कमी झाली असती.

दुसरा खंड मला त्याहून सरस वाटतो, कारण त्यात नायक चांगलाच बुडतो. मिरे विकताना समोरच्या व्यापाऱ्याने टेबल कलते ठेवून काटा मारल्याचे होलोच्या ध्यानात येते, आणि लॉरेन्स त्या चोरीचा धाक घालून आपल्या ऐपतीच्या दुप्पट किमतीची चिलखते उधारीवर उचलतो. एवढी चतुराई करून तो पुढच्या शहरात पोहोचतो, तोवर उत्तरेकडील नियोजित मोहीम रद्द झालेली असते आणि चिलखतांना कोणी विचारत नाही. भाव चढेल म्हणून फाल्गुनापर्यंत घरात कापूस साठवून ठेवणाऱ्या आमच्या भागातील शेतकऱ्याला किंवा खेडा खरेदी करणाऱ्या लहान व्यापाऱ्याला ही कथा कोणी समजावून सांगावी लागणार नाही. कर्ज मागायला दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी कालचे स्नेही कसे बोलतात, हेही त्यात फार बारकाईने आले आहे.

होलोची कल्पनाही लेखकाने हवेतून काढलेली नाही. पिकावरून वारा वाहिला की लांडगा धावतो आहे असे म्हणण्याची आणि शेवटच्या पेंढीत तो दडून बसतो असे मानण्याची रीत युरोपातील शेतकऱ्यांत होती. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म मानहार्ट या जर्मन अभ्यासकाने तिची नोंद केली आहे. कादंबरीत होलो अधूनमधून पीक मुद्दाम कमी येऊ देते, कारण जमिनीला विसावा हवा असतो. गावकरी मात्र तिला लहरी ठरवतात. केळीवर केळी घेऊन जमीन दमवणाऱ्या रावेर-यावलच्या पट्ट्यात हा प्रसंग वाचताना मला लेखकाचे कौतुक वाटले.

या मालिकेत दोष आहेत. तिसऱ्या खंडातील पायराइट या सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाच्या सट्ट्याचा हिशेब इतका गुंतागुंतीचा आहे की तो मलाही कागद घेऊन मांडावा लागला. दोघांची लाडिक नोकझोक काही ठिकाणी फार लांबते. होलोच्या पहिल्या दर्शनात ती विवस्त्र असल्याने हे पुस्तक किंवा ॲनिमे लहान मुलांच्या हाती देऊ नये. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना मात्र द्यायला हरकत नसावी. किंबहुना आपल्या पुरवणीतील लेखकांची खरी गफलत इथेच आहे: चित्र रंगवलेले दिसले की ते बालवाङ्मय असणार असे त्यांनी गृहीत धरले आणि मग ते बालकांना योग्य नाही म्हणून नापसंतही केले.

आपल्या पुरवणीत मराठी आणि इंग्रजी पुस्तकांची परीक्षणे येतात, त्यांत अशा अनुवादित मालिकांनाही महिन्यातून एकदा जागा मिळावी, आणि परीक्षण लिहिणाऱ्याने मूळ पुस्तक वाचलेले असावे, एवढी विनंती आहे. ‘स्पाइस अँड वुल्फ’चा इंग्रजी अनुवाद २००९ पासून निघतो आहे. पहिल्या दोन्ही खंडांतील व्यवहार ज्या त्या खंडातच पुरे होतात, त्यामुळे पुरवणीतील लेखकांना सतरा खंडांचा धाक बाळगण्याचे कारण नाही.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)