व्हेनिसमध्ये 'हॉटेलवर पार्किंग' : रक्कम परत मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग

महोदय,

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. गेल्या महिन्यात मी, सौ. आणि मुलगा आपल्यामार्फत इटलीला जाऊन आलो. मिलानहून भाड्याची गाडी, मुलगा चालवणार, असे ठरले होते. व्हेनिसच्या दोन मुक्कामांपुढे आपल्या पत्रकात छापले आहे, 'हॉटेलवर पार्किंगची सोय'. सौ.च्या गुडघ्याचे ऑपरेशन जानेवारीत झालेले, म्हणून बुकिंगच्या वेळी मी जळगावच्या ऑफिसात मुद्दाम विचारले. "काका, गाडी थेट दारात जाते," असे उत्तर मिळाले.

व्हेनिसमध्ये गाडी कोणाच्याच दारात जात नाही. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे गावाकडून खाडीवरचा सुमारे 4 किलोमीटरचा पूल ओलांडला की पियाझ्झाले रोमा या चौकात रस्ता संपतो. पुढे कालवे, बोळ आणि 400 हून जास्त पूल, बहुतेक पायऱ्यांचे. आपल्या हेल्पलाइनवरचा मुलगा "मॅप लावून पुढे या" एवढेच म्हणत राहिला. पुढे रस्ताच नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही.

चौकातल्या गॅरेजमध्ये दोन दिवसांचे पैसे भरून गाडी ठेवली आणि तीन बॅगा घेऊन कान्नारेजो भागातल्या हॉटेलकडे पायी निघालो. पहिलाच पूल काचेच्या पायऱ्यांचा. सौ. मधेच कठड्याला धरून उभी राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आले. पूल उतरलो, तर समोर सांता लुचिया रेल्वे स्टेशन! मेस्त्रेहून आगगाडी दहा-बारा मिनिटांत तिथे, अगदी मोठ्या कालव्याच्या काठावर आणून सोडते. आयुष्य रेल्वेत घालवलेल्या माणसाला ही एक ओळ आधी सांगितली असती, तर गाडी मेस्त्रेलाच स्वस्तात ठेवून आम्ही सुखाने आलो असतो. स्टेशनसमोरून 1 नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली प्रवासी बोट, हॉटेलजवळच्या 'का दोरो' धक्क्यावर जाते. 75 मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरो. हेही दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या बाईंनी सांगितले. त्यांच्याकडे पार्किंग कधीच नव्हते.

गॅरेजची पावती, पत्रकाची प्रत आणि हॉटेलचे पत्र सोबत जोडले आहे. गॅरेजचे पूर्ण पैसे परत करावेत आणि चूक लेखी मान्य करावी. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सावद्याच्या आमच्या व्याह्यांनीही आपल्याकडेच पुढच्या महिन्याचे बुकिंग केले आहे. विहीणबाई काठी घेऊन चालतात. त्यांच्या पत्रकात तीच ओळ आहे. माझे पैसे चार दिवस उशिरा आले तरी चालतील, पण ती ओळ आजच खोडा आणि त्यांना मेस्त्रेची आगगाडी व बोटीचा धक्का नीट समजावून सांगा.

आपला,
एक ग्राहक, भुसावळ