उरलेल्या अन्नाचं बुकिंगच्या वेळीच ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली २२ वर्षं मी पुण्यात लग्नकार्यांचा स्वयंपाक करतो. यंदा वैशाखात सातारा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात ६०० पानांची ऑर्डर होती. जेवायला आले जेमतेम साडेचारशे. दुपारी सव्वातीनला भटारखान्यात मसालेभाताचा एक अख्खा टोप तसाच झाकलेला होता, त्याला झारासुद्धा लागला नव्हता. व्यवस्थापक म्हणाले, चारला हॉल रिकामा हवा, संध्याकाळी दुसऱ्यांचं रिसेप्शन आहे. यजमान पाठवणीत. डोळे पुसणाऱ्या मुलीच्या बापाला "भाताचं काय करू?" असं विचारायला जीभ रेटेना. ओळखीच्या दोन संस्थांना फोन लावले. एकीची गाडी हडपसरला दुसऱ्या लग्नात अडकली होती, दुसरीकडे कोणी फोन उचलला नाही. शेवटी तो भात ओल्या कचऱ्याच्या पिंपात गेला. पिंप न्यायला आलेल्या ताईंनी वरचा मूठभर भात हातात घेतला. "दादा, अजून वाफ आहे की याला," एवढंच म्हणाल्या.

तो १५ किलो तांदळाचा भात होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे. म्हणजे तीन माणसांचं महिन्याचं रेशन मी एका दुपारी पिंपात ओतलं. याच शहरात ससूनला गावाकडून आलेल्या पेशंटचे नातेवाईक वडापाववर दिवस काढतात.

लोक म्हणतात, उरलं तर द्यायचं कोणाला तरी. पण शिजलेलं अन्न थांबत नाही. उन्हाळ्यात नारळाचं वाटण घातलेला रस्सा आणि दह्याची कोशिंबीर आधी जाते. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, जिलबी जरा दम धरतात. मसालेभात वर ओलं खोबरं न पेरता गरम आणि झाकून ठेवला, तर दोन-तीन तासांत कोणाच्या तरी पानात पडायला हवा. त्या दोन-तीन तासांत फोनाफोनी सुरू केली तर वेळ फोनातच जातो. कोणाला बाधलं तर काय, ही भीती कार्यालयवाल्यांना असते, आणि ती खोटी नाही. पण उरलेलं चांगलं अन्न कसं द्यायचं याचे नियम एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ मध्येच केलेत. ताटातलं उष्टं द्यायचंच नाही. न वाढलेलं अन्न वेगळं काढून, झाकून, वर काय आहे ते लिहून द्यायचं. यात अवघड काही नाही, फक्त ते कोणी करायचं हे आधी ठरलेलं हवं.

चूक आम्हा आचाऱ्यांचीही आहे. अन्न कमी पडलं तर नाव आमचं जातं, म्हणून आम्ही सांगितलेल्या पानांवर आणखी पन्नास पानं धरतो. यजमानांनीही भीतीपोटी आकडा फुगवलेलाच असतो. वैशाखापासून मी भात दोन खेपांत लावतो. पहिली पंगत बसली की माणसं मोजतो, मगच उरलेला तांदूळ धुवायला घेतो. न धुतलेला तांदूळ पोत्यात परत जातो.

जूनमध्ये कोथरूडच्या एका यजमानांनी मेनूच्या कागदावर खाली स्वतः लिहून दिलं होतं: उरलेलं अन्न अडीचला अमुक संस्थेची गाडी नेईल, भाच्याला विचारा. अडीचला गाडी आली. भाच्याने दोन टोप चढवून दिले. तीनच्या आत एका बांधकामावरची माणसं जेवत होती.

कार्यालयाच्या बुकिंगच्या कागदावर जनरेटरचा दर असतो, साफसफाईचा असतो, स्पीकर किती वाजता बंद करायचा तेही असतं. उरलेलं अन्न कोण नेणार, किती वाजता, आणि यजमानांकडून कोणाला विचारायचं, एवढी एक ओळ त्यात असावी. झाकणाचे दोन टोप कार्यालयाने ठेवावेत आणि गाडी येईपर्यंत भटारखाना अर्धा तास जास्त द्यावा. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतील. त्याआधी कार्यालयांची नवी पावतीपुस्तकं छापायला जातात, तेव्हाच ही ओळ घालावी, अशी सर्व कार्यालय मालकांना हात जोडून विनंती आहे.

— एक आचारी, धनकवडी, पुणे