ब्लॉकेज नाही म्हणजे हार्ट ठीक, असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हृदयरोगावर पेपरात काहीही आलं की सगळी चर्चा ब्लॉकेजपाशी सुरू होते नि तिथंच संपते, किती टक्के आहे, स्टेंट टाकायचा की बायपास, पण ज्या स्नायूला रक्त मिळावं म्हणून ही सगळी धडपड चाललीय त्याची अवस्था काय आहे हे फारसं कुणी विचारत नाही. ते दाखवणारी तपासणी आहे, कार्डियाक एमआरआय, आणि तिच्याबद्दल नीट लिहिलेलं क्वचितच वाचायला मिळतं.

अँजिओग्राफीत रक्तवाहिनी आतून दिसते, स्नायू नाही. एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं (फोटोत फरक उठून दिसावा म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन देऊन साधारण 10 ते 15 मिनिटांनी फोटो घेतात, तोवर धडधाकट स्नायूतून ते बरंचसं निघून गेलेलं असतं आणि जिथे व्रण झालाय, म्हणजे इजा होऊन स्नायूच्या जागी वण उरलाय, तिथे रेंगाळतं, म्हणून तो भाग पांढरा चमकतो. हा पांढरा पट्टा नेमका कुठे आहे यावरून केवढं तरी कळतं. अटॅकचा व्रण आतल्या थरापासून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला पसरतो, आणि व्हायरसमुळे स्नायूला सूज येऊन गेली असेल तर तो बहुतेकदा बाहेरच्या थरात किंवा मधोमध दिसतो. म्हणून छातीत दुखलं, ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं आणि अँजिओग्राफी मात्र क्लीन आली, अशा पेशंटला "ब्लॉकेज नाही, टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही, कारण अटॅक आणि स्नायूची सूज या दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

बायपासच्या आधीही हे बघायला हवं. भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त भाग व्रणाने व्यापला असेल तर रक्त पोचवूनही तो भाग पुन्हा जोमाने काम करेल ही शक्यता कमीच. आणि थॅलेसेमियाची (रक्ताचा जन्मजात आजार) मुलं, सतत रक्त चढवल्यामुळे हार्टमध्ये लोह साचतं, ते एमआरआयवर सुई न टोचता मोजता येतं, टी-2 स्टार नावाचा आकडा 20 मिलिसेकंदांच्या खाली गेला की लोह साचतंय आणि 10 च्या खाली म्हणजे धोका खूपच वाढला. इकोमध्ये पंपिंग नॉर्मल दिसत असतानाही हे आधी सापडू शकतं!

सगळ्यांनी उठून एमआरआय करावा असं माझं म्हणणं नाही. छातीत आत्ता दुखतंय तर आधी ईसीजी, आणि हार्टला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज नीट बघायला सीटी किंवा अँजिओग्राफीच लागते. एमआरआयमध्ये रेडिएशन नाही ही मोठी जमेची बाजू, पण पाऊण-एक तास मशीनमध्ये पडून राहायचं, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा, हे सगळ्यांना जमतंच असं नाही. पेसमेकर असेल किंवा किडनी खूप खराब असेल तर आधीच सांगायचं. नवे बरेच पेसमेकर ठरावीक काळजी घेऊन चालतात, सरसकट नकार द्यायचं कारण नाही.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हार्टच्या डॉक्टरांसोबत रेडिओलॉजिस्टलाही लिहायला सांगा ना, कुठल्या पेशंटने ही तपासणी मागायची आणि रिपोर्टमध्ये व्रणाबद्दल काय लिहिलंय ते कसं वाचायचं, एवढं जरी सोप्या भाषेत आलं तरी डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते लोकांना कळेल.

आपला,
एक नियमित वाचक