बसऱ्याला गेलेला सुतार

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, म्हणून शिव्या घालशील. घाल. पण या महिन्यात मी आमच्या पणजोबांच्या मागे हिंडत होतो. तुला ठाऊकच आहे, आमच्या घरात पणजोबा म्हणजे पहिल्या महायुद्धात "मराठा पलटणीत बंदूक चालवलेला माणूस". लग्नकार्यात एकदा तरी ही बंदूक निघतेच.

तर ती बंदूक खोटी निघाली.

आजीच्या ट्रंकेत तळाशी एक काळपट पदक सापडलं. त्यावर पंखांची बाई कोरलेली. याच्या जोडीला चांदीचं एक असणार, ते केव्हाच सोनाराकडे गेलेलं दिसतंय. हे ब्राँझचं, म्हणून वाचलं. अशा पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते, हे मला माहीतच नव्हतं. भिंग लावून पाहिलं तर नावाआधी "सॅपर" आणि नंतर "३ एस. अँड एम.", म्हणजे तिसरी सॅपर्स अँड मायनर्स, फौजेसाठी पूल-रस्ते बांधणारी तुकडी. तळ खडकीला. मराठा पलटणीचा काही संबंध नाही.

आणि मग सगळं जुळत गेलं. सॅपर्सना हातात कसब असलेली माणसं हवी असत: सुतार, लोहार, गवंडी. आपल्याकडे सुतार म्हणजे बलुतेदार. वर्षभर नांगर-पाभर करून द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागायचा. पाऊस गेला की बलुतंही गेलं. फौजेत साध्या शिपायालाही महिना ११ रुपये रोख. पणजोबांना वाकस आणि पटाशी सोडावी लागली नाही, फक्त धनी बदलला. आजोबा म्हणायचे, "आमचे दादा पाण्यावर सुतारकाम करायचे," आणि आम्ही पोरं हसायचो. अरे, तिकडे बसऱ्याकडे, म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीवर नावा जोडून पूल घालायचे ते लोक! म्हातारा अगदी शब्दशः खरं सांगत होता.

आता घोड्याची गोष्ट. आमच्या भावकीत भांडण पेटलं की समोरचा अजूनही "घोडं खाल्लेल्याची औलाद" म्हणतो. मला वाटायचं ही नुसती शिवी. पण तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात खडकीच्या सॅपर्सच्या १७ आणि २२ नंबरच्या कंपन्या अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला लागले. आपले बहुतेक शिपाई कित्येक आठवडे त्या मांसाला शिवेनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी परवानगी देणारा गावच्या पारावर थोडाच बसणार होता? शेवटी भुकेनं आणि स्कर्व्हीनं जेरीस आल्यावर पुष्कळांनी खाल्लं. मग शरणागती. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, वाळवंटातून पायी. किती परत आले ते विचारू नकोस. आमचे आले, म्हणून मी तुला पत्र लिहितोय.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात गावचं कोतवाल बुक मिळालं, जन्म-मृत्यूचं. सगळं मोडीत. दोन दिवस धूळ खाल्ली. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं उघडली आणि हात थांबला. एरवी महिन्याला दोन-तीन मयत असलेल्या गावात पानंच्या पानं भरलेली, कारण एकच: ताप, ताप, ताप. ती इन्फ्लुएंझाची साथ. त्यात एक नोंद आमच्या घराची. नावाच्या जागी वाळवीनं खाल्लेलं भोक, पुढे "कोम", म्हणजे अमक्याची बायको, आणि पणजोबांचं नाव. वय २२.

म्हणजे पणजोबा कैदेत असताना त्यांची बायको इथे वारली. आणि आम्ही फोटोला हार घालतो ती पणजी दुसरेपणाची. आजोबा तेव्हा चार वर्षांचे असतील. त्यांची आई वेगळी होती हे त्यांनी मुलांना कधीच सांगितलं नाही. की त्यांनाच कुणी सांगितलं नव्हतं?

मग नाशिक गाठलं. घोड्याचं प्रायश्चित्त घ्यायला पणजोबा तिकडे गेले असणार, असा माझा अंदाज. गाव आणि आडनाव सांगितल्यावर आमच्या तीर्थोपाध्यायांनी बासनातून यात्रेकरूंच्या नोंदींची वही काढली, पाच मिनिटांत! (सरकारी कपाटांनी यांच्याकडे शिकवणी लावावी.) प्रायश्चित्ताचा उल्लेख नाही. पण पणजोबांची सही आहे, अक्षरं रंध्यानं साफ केल्यासारखी, आणि खाली लेखनिकाच्या हातचं: "प्रथम कुटुंब", कैलासवासी, आणि एक नाव.

ते आमच्या थोरल्या आत्याचं नाव आहे.

म्हणजे आजोबांना माहीत होतं, बंड्या. थोरल्या लेकीला आईचं नाव ठेवलं आणि आयुष्यभर गप्प बसले. आत्या आज ८४ वर्षांची. नाव जुनाट म्हणून ती लहानपणी रडायची, असं स्वतःच सांगते.

तिला अजून बोललो नाही. लग्नानंतर सासरी नाव बदलायची रीत, तेव्हा गावच्या नोंदीत आणि वहीत एकच नाव असेल असं धरून चालता येत नाही. सोबत कोतवाल बुकाच्या त्या ओळीचा फोटो पाठवतोय. भोकाच्या डाव्या कडेला एका अक्षराचा तुकडा शिल्लक आहे. मला तो कधी "स" वाटतो, कधी "म". तू मोडीचा वर्ग केलायस, तर नीट बघ. वहीतलं नाव मुद्दाम इथे लिहीत नाही, नाहीतर तुला तेच दिसायला लागेल.

दिवाळीला आत्या आमच्याकडे येणार आहे. त्याआधी कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझाच,
सुताराचा पणतू