पर्ल मोडीत काढण्याची घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्ल ही संगणकभाषा आता कालबाह्य झाली, असे सरसकट म्हटले जाते; ते पटत नाही. सर्व्हरच्या भल्यामोठ्या लॉगमधून (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमधून) केवळ त्रुटींच्या ओळी वेचून प्रत्येकीतला तिसरा रकाना वेगळा काढायचा असेल, तर पर्लमध्ये ते काम स्वतंत्र फाइल न लिहिताही टर्मिनलवरच्या एकाच आज्ञेत होते, कारण रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधण्याचे सूत्र) हा तिथे भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. १९९४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या जुन्या स्क्रिप्टही (छोटे प्रोग्रामही) बहुतांशी आजच्या पर्लवर चालतात. पायथॉन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर जाताना जुना कोड बदलण्यात झालेली दमछाक आठवली, की याचे मोल कळते.

दोष आहेतच. एकच गोष्ट अनेक प्रकारे लिहिण्याची मुभा असल्याने दुसऱ्याचा कोड वाचताना जीव मेटाकुटीला येतो (कधीकधी स्वतःचाही!). त्यातच सहावी आवृत्ती वर्षानुवर्षे रखडली आणि २०१९ मध्ये ‘राकू’ नावाने वेगळी झाली. यंत्रशिक्षणाच्या नव्या प्रकल्पासाठी मी पर्ल सुचवणार नाही. मात्र चालू स्क्रिप्ट केवळ जुनी म्हणून बदलू पाहणाऱ्यांनी आधी तिच्यासाठी चाचण्या लिहाव्यात, कारण कामातले बारीकसारीक अपवाद बहुधा त्या स्क्रिप्टखेरीज कुठेही नोंदवलेले नसतात.

आपला,
एक वाचक